वाचक विचारतात : ऑस्वाल्डचा सुजलेला डोळा

प्रश्न : केनेडी खुनाचा संशयित ली हार्वी ऑस्वाल्ड याच्या फोटोत डोळा सुजलेला आणि कपाळावर जखम दिसते. डॅलस पोलिसांनी त्याला थर्ड डिग्री लावली होती का?

उत्तर : ती जखम कोठडीतली नाही. 22 नोव्हेंबर 1963 रोजी दुपारी साडेबाराला केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, सव्वाच्या सुमारास टिपिट हा पोलीस मारला गेला (त्याचाही संशय ऑस्वाल्डवरच) आणि दोनला दहा मिनिटं असताना ऑस्वाल्ड टेक्सास थिएटरमध्ये पकडला गेला. मॅकडोनाल्ड नावाचा पोलीस जवळ पोचताच ऑस्वाल्डने त्याला ठोसा लगावला आणि रिव्हॉल्व्हर उपसलं. त्या झटापटीत ऑस्वाल्डलाही चांगलाच मार बसला. मध्यरात्री पत्रकारांनी डोळ्याचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, ‘पोलिसाने मारलं.’ खोटं नव्हतंच ते. पण कुठे आणि कधी मारलं, हे त्या दोन शब्दांत येत नाही, आणि लोकांच्या लक्षात तेवढेच दोन शब्द राहिले. पोलिसांना धारेवर धरायचंच तर कारणं वेगळी आहेत.

प्रश्न : इतक्या मोठ्या गुन्ह्याच्या चौकशीची एकही टेप नाही, हे पटत नाही. टेप दडवली असेल का?

उत्तर : दडवायला टेप हवी ना! खुनाच्या तपासाचे प्रमुख कॅप्टन फ्रिट्झ यांनी केनेडी खुनाची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगापुढे सांगितलं, की आपण रेकॉर्डर मागितला होता, पण खात्याकडे नव्हता. स्टेनोही बसवला नाही. शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ, मध्ये खंड पडत पडत, सुमारे 12 तास चौकशी चालली. तीही फ्रिट्झ यांच्या काचेच्या लहानशा केबिनमध्ये. एका वेळी सात-आठ माणसं आत, कधी एफबीआयचा माणूस, कधी सीक्रेट सर्व्हिसचा. वेगवेगळ्या वेळी हजर असलेल्यांची संख्या 25च्या वर गेली. बाहेरच्या बोळात पत्रकारांची जत्रा, आणि आरोपीला दरवेळी त्या गर्दीतूनच न्यायचं. अशा ठिकाणी सलग प्रश्न विचारून माणसाला बोलतं करता येत नाही, हे कुठलाही हवालदार सांगेल. मग प्रत्येकाने आठवून आठवून आपापला अहवाल लिहिला. फ्रिट्झ यांच्या हाताने खरडलेल्या काही टिपा तर 1997 साली उजेडात आल्या. संशयाला खतपाणी मिळालं ते इथे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. टेक्सासच्या तेव्हाच्या कायद्यात कोठडीतला नुसता तोंडी कबुलीजबाब चालत नसे. ताकीद देऊन, लेखी आणि सहीनिशी घ्यावा लागे. ऑस्वाल्डचा खून करणाऱ्या जॅक रुबीची शिक्षा 1966 साली अपिलात रद्द झाली, त्यात कोठडीतलं तोंडी बोलणं पुराव्यात घेतल्याचंही कारण होतं. आपल्याकडे 1872च्या पुरावा कायद्याचं कलम 25 याहून कडक: पोलिसापुढची कबुली आरोपीविरुद्ध चालतच नाही. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. ऑस्वाल्डने मात्र कबुली दिलीच नव्हती.

प्रश्न : ओळख परेडमध्ये घोळ झाला होता, म्हणतात. नक्की काय?

उत्तर : झाला होता. ऑस्वाल्डचा चेहरा टीव्हीवर आधीच झळकला होता. रांगेत चारच माणसं. शुक्रवारी त्याच्याबरोबर पोलीस खात्यातलीच माणसं उभी केली, शनिवारी पोरसवदा मुलं. त्यावर तो तिथेच पोलिसांवर ओरडू लागला. त्याला ओळखणाऱ्या एका टॅक्सीवाल्यानेच साक्षीत सांगितलं, की आरडाओरड ऐकून कुणीही त्याला बिनचूक निवडला असता. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमावलीनुसार एका संशयितामागे त्याच्यासारखी दिसणारी किमान सहा माणसं लागतात, आणि साक्षीदाराने त्याला आधी पाहिलेलं नसावं. या कसोटीवर डॅलसची परेड टिकणार नाही.

प्रश्न : पॅराफिन चाचणीत गालावर काहीच सापडलं नाही. म्हणजे तो निर्दोष?

उत्तर : नाही. कोमट मेण लावून साचा काढायचा आणि त्यावर रसायन टाकून बंदुकीच्या दारूतलं नायट्रेट शोधायचं, एवढीच ती चाचणी. तंबाखू, लघवी, काडेपेटी, खत, कशानेही हात ‘पॉझिटिव्ह’ येतो. त्याचे हात तसे आले, उजवा गाल आला नाही. पुढे एफबीआयच्या माणसाने खुनातली तीच रायफल झाडून पाहिली, तर त्याचाही गाल कोराच. चाचणी दोन्ही बाजूंना निकामी.

प्रश्न : वकील का दिला नाही?

उत्तर : त्याला न्यूयॉर्कचे जॉन ॲब्टच हवे होते, आणि ते शनिवार-रविवार गावाबाहेर होते. शुक्रवारी रात्री नागरी हक्क संघटनेचे लोक आले, त्यांना ‘तो वकील मागत नाही’ असं सांगून बोळवलं. हे मात्र अक्षम्य. शनिवारी संध्याकाळी डॅलसच्या वकील संघाचे अध्यक्ष निकोल्स त्याला स्वतः भेटले. आधी ॲब्ट किंवा त्या संघटनेचा वकील मिळतो का बघतो, नाहीच मिळाला तर पुढच्या आठवड्यात या, असं त्याने त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी 11 वाजून 21 मिनिटांनी पोलीस मुख्यालयाच्याच तळघरात रुबीने त्याला गोळी घातली.