चार नॅनोमोलर आणि पेढे

प्रिय,

तुझ्या जॅक रोखणाऱ्या कंपाउंडचा आयसी५०, म्हणजे एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी मात्रा, चार नॅनोमोलर आल्याचा मेसेज पाहिला. पेढे वाट, पण कंपाउंडचं बारसं इतक्यात नको. बशीत आपण एटीपी (पेशीचं इंधन) मायक्रोमोलरमध्ये घालतो, पेशीत ते हजारपट, मिलिमोलरमध्ये असतं आणि तुझ्या रेणूची जागा अडवतं. तुझ्या चाराचे तिथे चारशेही होतील.

जॅक म्हणजे पेशीत सिग्नल पुढे नेणारी एन्झाइमं; या कुटुंबात भावंडं चार: जॅक१, जॅक२, जॅक३ आणि टीवायके२. चौघांची एटीपी बसण्याची खोबण, जिथे औषधही बसतं, जवळजवळ सारखीच, त्यामुळे एकाला धरताना दुसऱ्यालाही हात लागतो. जॅक२ दाबलं गेलं तर हिमोग्लोबिन उतरू शकतं. जॅक रोखणाऱ्या टोफासिटिनिबला अमेरिकेत २०१२ साली आमवातासाठी मान्यता मिळाली, तेव्हा सुईऐवजी गोळी म्हणून आम्ही सगळे खूश होतो. पुढे पन्नाशीच्या वरचे आणि हृदयविकाराचा धोका असलेले ४,३६२ रुग्ण एका चाचणीत घेतले. टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) रोखणाऱ्या इंजेक्शनांपेक्षा हृदयाचे झटके, कॅन्सर जास्त दिसले आणि २०२१ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावरचा चौकटीतला इशारा आणखी कडक झाला.

आता टीवायके२ रोखणारं ड्यूक्राव्हासिटिनिब बघ. ब्रिस्टल मायर्स स्क्विबच्या लोकांनी टीवायके२ची ती खोबण सोडूनच दिली आणि शेजारच्या स्यूडोकायनेज भागात रेणू बसवला. हा भाग म्हणजे एन्झाइमचा लगाम. रेणू बसला की लगाम ओढलेलाच राहतो, आणि इथे भावंडांचे चेहरे वेगळे असल्याने चूक कमी होते. तरी एक घोळ उरला होता. शरीरात अमाइडवरचा मिथिल तुटला की तयार होणारा मेटाबोलाइट ही निवड विसरायचा. त्यांनी त्या मिथिलचे तीन हायड्रोजन काढून ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातलं. तो बंध तुटायला जड. (एरवी ड्यूटेरियम मला पेटंटवाल्यांचा खेळ वाटतो. इथे नाही.) २०२२ मध्ये सोरायसिससाठी गोळी आली.

म्हणून पुढचे वीस अ‍ॅनालॉग (थोडे बदललेले रेणू) नंतर. आधी हेच एक कंपाउंड माणसाच्या ताज्या रक्तात तपास: एका नळीत टीवायके२वर चालणारा इंटरफेरॉन अल्फा, दुसरीत जॅक२वर चालणारा थ्रोम्बोपोएटिन (दोन्ही पेशींना सिग्नल देणारी प्रथिनं). दोन्ही सिग्नल सारखेच दबले तर निवड नाहीच, समज. मग लिव्हर मायक्रोसोममध्ये (यकृतातला औषधं मोडणारा अंश) घाल, आणि जो मेटाबोलाइट मोठा दिसेल तो स्वतः बनवून पुन्हा चारही भावंडांवर लाव. कंटाळवाणं आहे, बॉसला ग्राफ दाखवता येत नाही. माझ्या अर्ध्या नोकरीत मी हेच टाळलं.

रक्ताचे आकडे आले की फोन कर. कॉलम (मिश्रण वेगळं करायची नळी) चालू असताना मात्र नको; मागच्या खेपेला बोलता बोलता टेस्टट्यूब बदलायला विसरलीस.

— सर