पद्मिनीच्या इंजिनासाठी दीड लाखाचं कर्ज काढू का?

प्रश्न: नाशिकला राहतो. वय 31, हातात पगार 52,000, घरखर्च 34,000, एसआयपी 5,000, मुदत ठेव 1,80,000. वडिलांची 1996 ची प्रीमियर पद्मिनी निळा धूर सोडते, चढावर तिला दम लागतो. मिस्त्री फुल इंजिनचे (इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधण्याचे) 85,000 सांगतो, रंगकामासकट दीड लाख. बँक तीन वर्षांसाठी 14 टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज द्यायला तयार आहे. घेऊ का?

उत्तर: इंजिन जरूर करा, पण कर्ज काढून नको. दीड लाखाला महिना साधारण 5,130 रुपये हप्ता बसेल आणि व्याजातच 34,500 जातील. गाडी उद्या विकली तरी इंजिनावर घातलेले पैसे वसूल होत नाहीत. वडिलांची गाडी पुन्हा रस्त्यावर धावावी ही इच्छा मला पूर्ण पटते, म्हणूनच ती शिलकीतून पुरी करा. मुदत ठेव म्हणजे तुमचा पाच महिन्यांचा घरखर्च, तिला हात लावू नका. रंगकाम तूर्त बाजूला ठेवा.

इंजिन न उघडता सांगितलेल्या 85,000 वर विसंबू नका. आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची मोजणी, करून घ्या: इंजिन गरम, चारही स्पार्क प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडे लिहून ठेवा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर गेला तर रिंगा (पिस्टनवरची कडी) आणि बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक) झिजलेत. जागचा हलला नाही तर दोष बहुधा व्हॉल्व्हकडे (सिलिंडरच्या झडपांकडे), म्हणजे काम हेडपुरतंही (इंजिनाच्या वरच्या भागापुरतंही) भागू शकेल. शेजारशेजारच्या दोनच सिलिंडरचे आकडे कमी असतील तर हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगवर) संशय घ्या. धूरही सांगतो: सकाळी स्टार्टला भपकन येऊन थांबला तर बहुतेक व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी), लोडवर सतत आला तर रिंगा.

फुल इंजिन करावंच लागलं तर पैसे टप्प्याटप्प्याने द्या. पहिला टप्पा फक्त उघडून मोजण्याचा. बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजायला सांगा; क्रँकचे जर्नलही (बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे भाग). मूळ बोअर 68 मिलिमीटर आहे. आधी कितीदा बोअर कापून मोठा केलाय, हे इथे कळतं, आणि खर्चही इथेच ठरतो. गाडीचं उत्पादन बंद होऊन दोन दशकं उलटली, त्यामुळे हव्या ओव्हरसाइझचे (मूळ मापाहून मोठे) पिस्टन मिळतीलच असं नाही. पिस्टन हातात आल्याशिवाय लेथवाल्याला बोअर करू देऊ नका. पिस्टन मोजून त्याप्रमाणेच बोअर व्हायला हवा. माप मिळालं नाही तर स्लीव्ह (सिलिंडरला आतून नवी नळी) घालून मूळ मापाला यावं लागतं, तो खर्च वेगळा.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. एकदा जरी गाडी तापली असेल तरी ते वाकलेलं असू शकतं, म्हणून फेसिंग (खालचा पृष्ठभाग सपाट आहे का ते) तपासून घ्या. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आहे. जुन्या नरम एक्झॉस्ट सीट (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा) त्यामुळे लवकर झिजतात, टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली) फट मिटते आणि व्हॉल्व्ह जळतो. हेड उघडलंच आहे तर कठीण सीट बसवा. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे घ्या. जुनं रबर ई20 मध्ये (20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये) फुगतं, आणि तिथली गळती थेट आगीला निमंत्रण.

क्लच प्लेट, इंजिन माउंटिंग, वॉटर पंप, रेडिएटरची सफाई ही कामं इंजिन खाली असतानाच स्वस्तात होतात, पण कोटेशनमध्ये क्वचितच असतात. म्हणून 30 टक्के जादा धरा: सुमारे 1,10,000. एसआयपी चालू ठेवून तुमच्याकडे 13,000 उरतात. त्यातले 12,000 आवर्ती ठेवीत टाका, नऊ महिन्यांत ही रक्कम जमते.

आरसीची मुदतही पाहून घ्या. पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण धरलं तर 1996 च्या गाडीचं पुढचं 2026 मध्ये येतं. वीस वर्षांवरच्या गाडीला शुल्क 10,000, पर्यावरण कर वेगळा. धूर असेल तर फिटनेसला अडचण येईल, म्हणजे इंजिन आधी. भंगारातल्या पद्मिनीचं इंजिन स्वस्तात बसवायचा मोह झाला तर लक्षात ठेवा: त्याची झीज माहीत नसते आणि नवा इंजिन नंबर आरटीओकडून आरसीवर चढवून घ्यावा लागतो.

जोडणीआधी ब्लॉक गरम साबणपाण्याने, ऑइलच्या नळ्यांतून ब्रश फिरवून, तुमच्यासमोर धुवून घ्या. बोअरिंगचा कीस आत राहिला तर नव्या रिंगा काही दिवसांत संपतात. पहिल्या 500 किलोमीटरनंतर ऑइल बदला, हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्क करून (ठरल्या जोराने आवळून) टॅपेटची फट लावून घ्या. या फेरीचे पैसे मजुरीतच आधी ठरवून टाका.