तिघींचं घर, एकीचं नाव

नोकरीसाठी मुंबईत येऊन मित्रमैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच भाड्याने घर घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी लातूरच्या. गोरेगावात टू बीएचके मिळतोय. दलाल म्हणतो, करारात एकीचंच नाव टाका, काम पटकन होईल. टाकावं का?

उत्तर : मुळीच नको. एकीचं नाव असेल तर कागदोपत्री घर तिचं आणि उरलेल्या दोघी तिच्या पाहुण्या. तिची बदली झाली किंवा लग्न ठरलं की दोघींच्या राहण्याला आधार उरत नाही. अनामत रक्कमही तिच्याच खात्यात परत येते. उलट भाडं थकलं तर मालक एकट्या तिलाच धरणार. म्हणजे नाव असलेलीवरही अन्यायच.

पटकन होण्याचं म्हणाल तर ऑनलाइन नोंदणीत आधार क्रमांक आणि अंगठा लागतो. दलालाचा माणूस यंत्र घेऊन घरी येतो, त्यात आणखी दोन अंगठ्यांना कितीसा वेळ लागणार? खर्चही नावांवर ठरत नाही. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराचं मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के असतं, आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून ते त्या भाड्यात मिळवतात. 11 महिने, भाडं 30,000, अनामत एक लाख असेल तर शुल्क साडेआठशेच्या आसपास बसतं. शहरात नोंदणी फी 1,000 रुपये. दलाल यापेक्षा बरंच जास्त सांगत असेल तर तो त्याचा मेहनताना आहे. तेवढा वेगळा लिहून मागा.

करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे ही जबाबदारी घरमालकाची आहे. ‘नोटरी करून टाकू’ याला मान डोलावू नका. आधारवरचा पत्ता बदलायलाही नोंदणीकृत करार उपयोगी पडतो.

सही करण्याआधी मसुद्यात दोन गोष्टी पाहा. एक, कुणी किती अनामत दिली ते नावानिशी लिहिलेलं हवं, आणि प्रत्येकीने ती आपापल्या खात्यातूनच भरावी. दोन, लॉक-इन (म्हणजे मधेच घर सोडता न येण्याचा काळ) किती महिन्यांचा आणि नोटीस किती दिवसांची. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी नव्या कराराचं बोलणं सुरू करा. मुदतीनंतर तसंच राहिलात तर त्याच कायद्याच्या कलम 24 खाली मालकाला भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते.

प्रश्न : चेंबूरला आम्ही तिघे मित्र. एकाच बेडरूमला बाथरूम जोडून आहे आणि एसीही तिथेच. आमच्यातला एक तिथे एकटा राहतो. भाडं आणि वीजबिल कसं वाटायचं?

उत्तर : भाडं चौरस फुटांवर वाटायला जाऊ नका, सकाळी रांगेशिवाय मिळणाऱ्या बाथरूमची किंमत फुटांत येत नाही. बोली लावा. समजा भाडं 60,000. त्या खोलीसाठी 20,000 पासून सुरुवात करा आणि 500-500 नी चढवा. तिघांपैकी एकच तयार राहील तो आकडा त्या खोलीचा. 25,000 ला थांबलं, तर उरलेल्या दोघांनी 17,500 प्रत्येकी. आकडा तिघांनी मिळून ठरवलेला असल्यामुळे पुढे कुरकुर होत नाही.

विजेचं थोडं किचकट आहे. मुंबईत घरगुती दर टप्प्यांनी चढतात: 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर. एसीमुळे बिल वरच्या टप्प्यात जातं, म्हणून सरासरी दराने एसीचे पैसे काढले तर बाकीचे दोघे नकळत त्याचा भार उचलतात. एसीच्या प्लगला 16 अँपिअरचं, युनिट दाखवणारं छोटं मीटर लावा. समजा बिल 460 युनिटचं आणि एसीचे त्यात 250. एसी नसता तर 210 युनिट झाले असते. म्हणजे एसीच्या वाट्याला दुसऱ्या टप्प्यातले 90 आणि तिसऱ्या टप्प्यातले 160 युनिट येतात. त्या त्या टप्प्याचा दर लावा, प्रति युनिट वहन आकार (वीज पोचवण्याचा खर्च) मिळवा, वीज शुल्क टक्केवारीने चढवा. बाकी सगळं, स्थिर आकारासकट, तीन समान वाटे. चावी मिळेल त्या दिवशी मुख्य मीटरच्या रीडिंगचा फोटो काढायला मात्र विसरू नका.

प्रश्न : गावाहून आणलेली शेगडी कांदिवलीच्या घरात पाइप गॅसला जोडली, तर आच अगदीच मंद. दाब कमी आहे का?

उत्तर : दाब बरोबर आहे, जेट (बर्नरला गॅस सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) चुकीचं आहे. सिलिंडरच्या शेगडीच्या जेटचं भोक लहान असतं. पाइप गॅस त्याहून कमी दाबाने येतो आणि त्याला मोठं भोक लागतं. गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडून जेट बदलून घ्या, सुई घालून भोक मोठं करू नका. हीच शेगडी पुढे सिलिंडरच्या घरात नेलीत तर जेट पुन्हा बदलावं लागेल. नाहीतर ज्योत उंच आणि पिवळी होते, भांडी काळी पडतात आणि भडका उडण्याची भीती असते. पाइप नसलेल्या घरात पाच किलोचा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, ओळखपत्रावर मिळतो.

प्रश्न : आमच्यातली एक मैत्रीण मधेच घर सोडतेय. तिची अनामत कुणी द्यायची?

उत्तर : मालक करार संपेपर्यंत सहसा पैसे सुटे करत नाही. म्हणून येणारी मुलगी जाणारीला रक्कम देते, पण त्याआधी घराची पाहणी सगळ्याजणींनी मिळून करा. मुंबईतला वाद बहुधा ओलीवरून होतो: पावसाळ्यात पश्चिमेची भिंत फुगते आणि रंगाचे पैसे अनामतीतून कापले जातात. बाहेरच्या भिंतीतून आलेली ओल ही इमारतीची दुरुस्ती आहे, तुमची नव्हे. पण पहिल्या दिवसाचे फोटो नसतील तर ते पटवणं अवघड. बाथरूमचं छत, सिंकखालचं कपाट, गिझरचा प्लग, सरकत्या खिडक्यांच्या पट्ट्या यांचेही फोटो काढून त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. कपाटं भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा, मागे हवा खेळती राहिली की बुरशी कमी धरते.

नव्या मुलीचं नाव जुन्या करारात पेनाने लिहून चालत नाही. मालकाची संमती घेऊन नवा करार नोंदवा आणि तिची माहिती मालकाकरवी पोलिसांकडे जाऊ द्या. चावी त्यानंतर.