भौतिकशास्त्राचे संशोधक आणि उद्योग यांच्यातलं आंतरराष्ट्रीय सहकार्य प्रत्यक्षात कसं वाढवायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भौतिकशास्त्र विभागाने परदेशातल्या एका प्रयोगशाळेशी करार केला, इथले दोन कारखानेही त्यात घेतले आणि दोन वर्षांत एक बैठक सोडली तर काहीच हललं नाही. मी भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम चेंबरचं, म्हणजे आतली हवा उपसून काढतात अशा बंद भांड्यांचं, क्वालिटीचं काम बघतो. त्या बाजूने सांगतो.

एकदा आमच्याकडे युरोपातल्या एका प्रयोगशाळेचं काम आलं होतं. ड्रॉइंगमध्ये आतल्या बोल्टांना मधोमध आरपार १ मिलिमीटरचं भोक दाखवलेलं. कारण कुठेच दिलेलं नव्हतं. आमच्या फोरमनना तो उगाच खर्च वाटला. साधे बोल्ट बसवले, मीही सही केली. चेंबर पंपाला लावलं, तर आतला दाब एका ठरावीक आकड्याच्या खाली उतरेचना. प्रत्येक वेल्डवर हेलियमची बारीक फुंकर मारून पाहिली, आत शिरलेला हेलियम पकडणारा लीक डिटेक्टर ढिम्म. बाहेरून गळती नव्हतीच. बोल्टच्या टोकाखाली, ब्लाइंड होलच्या (आरपार नसलेल्या भोकाच्या) तळाशी अडकलेली इवलीशी हवा आट्यांमधून आत झिरपत होती आणि हे दिवसेंदिवस चालू राहतं. ते भोक त्या हवेला वाट द्यायला होतं! तिकडच्या संशोधक बाईंना ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली की सांगायचं सुचलं नाही, आणि आम्हाला विचारायचा संकोच. सगळे बोल्ट नव्याने केले. मग बाईंनी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास कागदावर चित्रं काढून समजावलं. पुढच्या ऑर्डरला फोरमननीच सुचवलं की कोपऱ्यातले दोन वेल्ड टाळून तो भाग एकाच ठोकळ्यातून काढू. बाईंनी ड्रॉइंग बदललं.

ही देवाणघेवाण ड्रॉइंग फायनल होण्याआधी व्हायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतला महाकाय कणवेगवर्धक, एलएचसी, घ्या. त्याचे मुख्य चुंबक १५ मीटर लांब, ३० टनांहून जड, आणि बसवायचे मिलिमीटरच्या अंशाइतके अचूक. ते ज्यांवर टेकवलेत ते सुमारे ७,००० जॅक भारतातून गेले. सर्नबरोबर ते घडवण्याचं काम इंदूरच्या, आता राजा रामण्णा यांचं नाव असलेल्या केंद्राने केलं आणि उत्पादन इंदूर-बंगळुरूला झालं. भौतिकशास्त्र आणि मशीनशॉप, दोन्हींचं बोलणं कळणारी माणसं मध्ये होती. तुमच्या करारात ते काम कोणाकडे आहे? माझा अंदाज, कोणाकडेच नाही.

संधी आहेत. भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे आपल्या कंपन्या तिथल्या निविदा भरू शकतात. आणि हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायचीय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. शोधयंत्राचे मुख्य भाग अमेरिकेतून येणार, पण ४-४ किलोमीटरच्या दोन भुजांच्या नळ्या आणि त्यातली निर्वात पोकळी ही इथली जबाबदारी. म्हणजे वर सांगितलेल्या अडचणी मराठवाड्याच्या दारात येणार आहेत. मला याचा मनापासून आनंद आहे.

तुम्ही एकच भाग निवडा, अगदी छोटा. एक विद्यार्थी दोन महिने वर्कशॉपमध्ये बसवा आणि परदेशदौऱ्याच्या खर्चात प्राध्यापकांइतकंच फोरमनचं तिकीट धरा. डिझाइनची मालकी कोणाची हे आधीच एका पानावर लिहून घ्या, ते नंतर फार चिघळतं. आणि ड्रॉइंगवर प्रत्येक विचित्र मापासमोर ‘कशासाठी’ असा रकाना ठेवा. आमच्या फॉर्मवर तो आता छापलेलाच असतो, आणि तो रिकामा असेल तर मी सही करत नाही.