झिजलेलं चालेल, घासलेलं नको

प्रिय मुली,

तुझे नऊ फोटो मिळाले. जेवण उरकून भिंग घेऊन बसलो तो साडेअकरापर्यंत उठलो नाही. दोन रिव्हॉल्व्हर, दोन्ही स्मिथ अँड वेसनची व्हिक्टरी मॉडेल, दोन्ही दुसऱ्या महायुद्धातली. एक काळंभोर, त्यात तोंड बघावं इतकं चकचकीत. दुसरं राखाडी, नळीच्या टोकाशी पांढरं पोलाद उघडं पडलेलं, मुठीजवळ तपकिरी डाग. काळं पन्नास डॉलरांनी महाग. आणि तू लिहितेस, "काका, मन त्याच्यावरच जातंय, पण काहीतरी खटकतंय."

खटकतंय ना? मग त्या खटकण्यावर विश्वास ठेव. १९४२ मध्ये या मॉडेलचे क्रमांक दहा लाखांवर पोचले आणि कारखान्याने 'व्ही' हे अक्षर लावून नव्याने मोजायला सुरुवात केली. व्ही म्हणजे व्हिक्टरी. तेव्हा आरशासारखी पॉलिश द्यायला कोणाला सवड होती? वाळूचा मारा करून मंद रंग चढवायचा, पुढे तर फॉस्फेटचा करडा थर द्यायचा, की निघालं लढाईला. चकचकीत व्हिक्टरी मॉडेल कारखान्यातून बाहेर पडलंच नाही. तुझ्या मनात भरलंय ते नंतर कोणीतरी बफवर, म्हणजे घासून चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर, धरलेलं आहे.

झिजलेलं चालेल, घासलेलं नको. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

नऊ फोटो पाठवलेस आणि एकही मुठीच्या बुडाचा नाही! क्रमांक असतो तिथे. दुकानदाराने सांगितलेली आजोबांची युद्धकथा तू अर्धं पान लिहिलीस आणि क्रमांक मात्र लिहिला नाहीस, याचा मला राग आला, खोटं कशाला बोलू. तोच क्रमांक सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या, मागच्या तोंडावर, नळीच्या पोटाखालच्या सपाट भागावर आणि मुठीच्या उजव्या लाकडाच्या आतल्या अंगाला असायला हवा. लाकूड काढायला एकच स्क्रू लागतो. दुकानदाराला नीट विचार, तो काढून देईल. नाही म्हणाला तर तिथून निघ.

आता भिंगाचं सांगतो, कारण सगळी मेख तिथे आहे. ठशाने मारलेल्या अक्षराच्या कडेला धातू किंचित वर उचललेला असतो. नखाला जेमतेम जाणवेल इतकाच. ठसा धातू खाली दाबतो, तो बाजूला कुठेतरी जाणारच. बफ पहिल्यांदा हीच कड खातो. मग अक्षरं राहतात, पण पावसात भिजलेल्या पाटीवरच्या खडूसारखी. तुझ्या चौथ्या फोटोत काळ्याच्या डाव्या बाजूला, वरच्या पट्टीवर 'यू. एस. प्रॉपर्टी' दिसतं, त्यापुढची 'जी. एच. डी.' ही तीन अक्षरं बघ. स्प्रिंगफील्डच्या लष्करी विभागाचे प्रमुख गाय ड्र्यूरी यांच्या नावाची ती आद्याक्षरं. 'डी'चं पोट बुजलंय. युद्धाने ते बुजवलेलं नाही. नंतर कोणाच्या तरी हौसेने बुजवलंय.

स्क्रूची भोकं बघ. मूळ कड काटकोनात तुटते. बफ लागला की ती बशीसारखी खोलगट होते. बाजूच्या झाकणाची फट बघ, ती केसासारखी असावी. घोडा आणि चाप बघ. ते रंगवत नसत, उष्णतेने कठीण करत, त्यामुळे त्यांच्यावर ढगाळ तपकिरी-निळे पट्टे असतात. ते बाकीच्या अंगासारखेच काळे असतील तर सगळंच एका टाकीत बुडवलंय. आणि काळ्या रंगाखाली गंजाचे बारीक खड्डे दिसले, खड्ड्याच्या तळापर्यंत काळा रंग पोचलेला असला, तर आधी गंज आणि मग रंग, हा क्रम स्वच्छ कळतो.

कारखान्यातच परत पाठवून नवा रंग दिलेला असेल तर? मुठीच्या लाकडाखाली, चौकटीच्या डाव्या बाजूला महिना आणि वर्ष कोरलेलं दिसतं. चांगले जाणकार म्हणतील की ते चालतं. मला चालत नाही. घासलं ते घासलं.

यांत्रिक तपासणी तुला येते, म्हणून भराभर सांगतो. उघडून काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत हे आधी डोळ्यांनी बघ, मग बोटाने. घोडा अंगठ्याने सावकाश चढव. प्रत्येक घर घोडा पूर्ण मागे यायच्या आधी खटकन बसलं पाहिजे. चढलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने रेट, तो पडता कामा नये. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोज. चार ते दहा हजारांश इंच असेल तर ठीक. यात काही ढिलं निघालं तर भाव पाड आणि घे. चांगला कारागीर ते नीट करून देतो. पण बफने खाल्लेला धातू परत आणणारा कारागीर नाही. म्हणून म्हणतो, झिजलेलं चालेल, घासलेलं नको.

एक मात्र सावकाश वाच, कारण यात हात जायचा धोका आहे. यातली बरीच रिव्हॉल्व्हर ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या सैन्यांसाठी निघाली. नळी पाच इंची, काडतूस थर्टी-एट एस अँड डब्ल्यू. युद्धानंतर ती अमेरिकेत परत आली तेव्हा पुष्कळांच्या नळ्या कापल्या आणि घरं खोल करून त्यांत थर्टी-एट स्पेशल हे दुसरं, लांब काडतूस बसवलं. पण मूळ काडतुसाची पुंगळी स्पेशलपेक्षा जाड. घर मागच्या बाजूला ऐसपैसच राहतं, आणि स्पेशल झाडलं की पुंगळी तिथे फुगते, कधी चिरते. नळी मोज. नेम धरायची पुढची माशी नळीतूनच घडलेली आहे की नंतर डाख देऊन बसवलेली आहे ते बघ. ब्रिटिश तपासणीचे ठसे शोध. उजव्या बाजूला काडतुसाचं नाव असतं, त्यात 'स्पेशल' हा शब्द आहे की नाही ते वाच. काळ्या रिव्हॉल्व्हरच्या त्या बाजूचा फोटो तू पाठवलेला नाहीस, आणि दुकानदारानेही तीच बाजू खाली ठेवलेली दिसते.

आता माझं ऐक. हे मी काकूखेरीज कोणाला सांगितलेलं नाही.

सांगलीच्या टूलरूममध्ये माझी पंधरा वर्षं गेली, मग इकडे ओहायोत. ग्रीन कार्ड झाल्यावर पहिली खरेदी व्हिक्टरी मॉडेलचीच केली, अगदी तुझ्या राखाडीसारखी. हातात नीट बसायचं, मुठीखालची दोरीची कडी शाबूत. पण आमच्या घरी समई, तांब्या, घंगाळ दर सणाला चिंच-मीठ लावून घासायची रीत. जुनी वस्तू घरात आली की आधी लख्ख करायची, हाच मान. मी ते रिव्हॉल्व्हर एका माणसाकडे रंगवायला दिलं. दीडशे डॉलर मोजले. परत आलं तेव्हा मी देवघरापाशी ठेवून फोटो काढला.

चार महिन्यांनी कंपनीच्या इतिहास विभागाकडून पत्र आलं. अमेरिकन नौदलाला पाठवलेलं निघालं, १९४३ मध्ये. ते पत्र आणि रिव्हॉल्व्हर घेऊन मी एका म्हाताऱ्या संग्राहकाकडे गेलो. त्याने ते दिव्याखाली धरलं, एकदा वळवलं, माझ्या हातात परत दिलं आणि मुलं कशी आहेत म्हणून विचारलं. रिव्हॉल्व्हरबद्दल एक अक्षर बोलला नाही. पन्नास वर्षं खलाशांच्या तळहातांनी, खाऱ्या हवेने त्यावर जे लिहिलं होतं ते मी पैसे देऊन पुसलं होतं. समई रोज वापरायची वस्तू, ती घासावीच. रिव्हॉल्व्हरचं तसं नाही, हा फरक मी आधी ओळखायला हवा होता, आणि टूलरूममध्ये कड जपायला शिकलेल्या माणसाने तर नक्कीच.

तेव्हापासून मी हट्टी झालो. एकदा फक्त मुठीचं लाकूड बदललेलं होतं म्हणून एक सुंदर पॉइंट बावीस बोअरचं रिव्हॉल्व्हर सोडलं. मित्राने ते घेतलं, आज तो ते दाखवतो तेव्हा माझा जीव तुटतो. काकू म्हणते, तुमच्या हट्टापायी घरात तीनच आहेत. असतील. ती तिन्ही जशी कारखान्यातून निघाली आणि जशी माणसांनी वापरली तशीच आहेत, आणि त्यांच्याकडे बघताना मला खाली मान घालावी लागत नाही. लाकूड तर बदलता येतं, मग ते का सोडलं, असं तू विचारशील. तेव्हा मला थांबता आलं नाही, एवढंच उत्तर आहे. तू एवढी टोकाला जाऊ नकोस. पण बफच्या बाबतीत मात्र जा.

राखाडीवर 'यू. एस. प्रॉपर्टी' नाही म्हणून तू बिचकलीस. बिचकू नकोस. सरकारने बरीच पोलिसांना आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या पहारेकऱ्यांना वाटली, त्यांवर तो ठसा नसतोच. तिथे पुसलेलं काही नाही, मारलंच नव्हतं. कडा बघ म्हणजे फरक कळेल.

ते चालवणार असशील तर क्रमांकाआधी 'एस व्ही' आहे की नुसता 'व्ही' ते बघ. १९४४ च्या अखेरीस जहाजाच्या डेकवर एक रिव्हॉल्व्हर पडून उडालं, एक खलाशी गेला. त्यानंतर घोड्याला आडवा येणारा नवा खटका बसवला आणि 'एस' जोडला. नुसता 'व्ही' असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेव, कायम.

शनिवारी जाण्याआधी घरावरून जा. माझा फीलर गेज आणि दहापट भिंग काढून ठेवलंय, स्क्रू ड्रायव्हरही देतो, पोकळ धारेचा, साध्याने खाच खराब होते. राखाडीच्या आठव्या फोटोत झाकणाचा वरचा स्क्रू दिसतो, त्याची खाच अजून कोणी छेडलेली नाही. तू पोचायच्या आत ते विकलं जाऊ नये म्हणून उद्या सकाळी दुकान उघडताच फोन कर.

तुझा,
काका