डायबेटिसच्या जखमेवरचं मेलेलं मांस चांदीच्या ड्रेसिंगने निघतं का?

तुमच्या वडिलांच्या तळपायाला डायबेटिसची जखम आहे, तिच्यावर पिवळा चिकट थर बसलाय आणि मेडिकलवाला म्हणतो, चांदीचं ड्रेसिंग लावा, मेलेलं मांस आपोआप गळून पडेल. मी जखमांच्या ओपीडीत नर्स आहे, रोज हेच करते. चांदी जंतू मारते, पण थर सोडवणं हे तिचं काम नाही.

थर सुटतो तो ओलाव्याने. जखम नीट ओलसर राहिली की शरीरातल्याच पांढऱ्या पेशी आणि एन्झाइम्स त्याला खालून पातळ करतात. कोरड्या जखमेला जेल ओलावा देतं. वाहणाऱ्या जखमेला कॅडेक्सोमर आयोडीन बरं पडतं: त्याचे बारीक तपकिरी कण पाणी शोषून फुगतात आणि हळूहळू आयोडीन सोडतात. तपकिरी रंग उडून ते पांढरट झाले की औषध संपलं, ड्रेसिंग बदलायचं. थायरॉइडचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. मध दोन्ही कामं करतो, पाणी ओढतो आणि जंतूंना वाढू देत नाही. पण तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला, जखमेसाठीचाच हवा. स्वयंपाकघरातल्या बाटलीतला नको, त्यात जंतूंचे बीजाणू असू शकतात.

चांदीचं पांढरं क्रीम, म्हणजे सिल्व्हर सल्फाडायझिन, लावलं तर दुसऱ्या दिवशी जखमेवर पिवळट साय दिसते. नातेवाईक "पू झाला" म्हणून धावत येतात. बहुतेक वेळा ते क्रीमच जखमेतल्या पाण्यात मिसळून घट्ट झालेलं असतं. सलाईनने भिजवून हलक्या हाताने पुसलं की निघतं. खरा स्लफ, म्हणजे मेलेल्या मांसाचा तो पिवळा थर, असा निघत नाही, चिमट्याने ओढला तर तंतूसारखा ताणला जातो. तो घरी ओढू नका. सल्फाची ॲलर्जी असेल तर हे क्रीम नकोच.

डायबेटिसच्या पायाचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचा २०२३ चा सल्ला स्पष्ट आहे: मेलेलं मांस काढायला आधी सर्जनचा चाकू, आणि जखम भरावी म्हणून चांदीचं किंवा मधाचं ड्रेसिंग वापरू नये. माझाही अनुभव तोच. जे सर्जन काही मिनिटांत साफ करतात, त्यासाठी लोक महागड्या पट्ट्यांवर आठवडे घालवतात. फक्त त्याआधी पायातला रक्तपुरवठा तपासून घ्या, डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफीसारखी तपासणी, करा. रक्त पोचत नसेल आणि टाचेवर कोरडी, घट्ट, काळी खपली असेल, तर तिला भिजवायचंच नसतं. कोरडीच ठेवायची आणि व्हॅस्क्युलर सर्जनला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला, दाखवायची.

साफ केल्यावर जखम आधीपेक्षा मोठी दिसेल. घाबरू नका, ती तेवढीच होती, थराखाली झाकलेली. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, नव्या पेशीही मरतात.

ताप आला, लाली वर सरकायला लागली, घाण वास सुटला किंवा बोट काळं पडलं, तर ड्रेसिंगचा विचार सोडा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दुखत नाही म्हणून थांबू नका, डायबेटिसमध्ये पाय बधिर असतो. आणि तळपायावर भार न येणारं पादत्राण किंवा प्लास्टर डॉक्टरांकडून लिहून घ्या. वडील त्याच जखमेवर चालत राहिले तर कुठलंच ड्रेसिंग पुरणार नाही.