शिक्का आहे, पण ९१६ नाही

प्रश्न : आज्जीच्या पाटल्या आणि बोरमाळ माझ्याकडे आल्यात. पाटल्यांच्या आतल्या अंगाला दोन अक्षरांचा पुसट शिक्का आहे, बोरमाळेवर काहीच नाही. पेढीवर म्हणाले, ‘९१६ नाही, मोडीत घालून नवीन करा.’ जुन्या चिठ्ठीत पाटल्या ३ तोळे आहेत, काट्यावर ३५ ग्रॅम भरल्या. सोनं कमअस्सल आहे का? आणि काकूंच्या अंगठीवर केडीएम आहे, तो हॉलमार्कच का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई, घाईनं मोडीत घालू नका. सोन्याचा हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची सरकारमान्य खूण, आपल्याकडे २००० साली आला. आज्जींच्या डागांवर, म्हणजे दागिन्यांवर, तो कुठून असणार? ती दोन अक्षरं घडवणाऱ्याची किंवा पेढीची. शहापूरला आमचे वडीलही असाच ठसा मारत. डाग परत आला की आपला म्हणून ओळखू यावा, एवढंच त्याचं काम. कस, म्हणजे सोन्याची शुद्धता, तो सांगत नाही. ९१६ सांगतो : हजार भागांत ९१६ भाग सोनं, म्हणजे बावीस कॅरेट.

चिठ्ठी मात्र चोख आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याचे तीन म्हणजे ३५ ग्रॅम. बाजारातला आजचा तोळा १० ग्रॅमचा, म्हणून त्याच पाटल्या आज साडेतीन तोळे सांगतील. चिठ्ठीवर मासे, गुंजा असतील तर आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा धरा.

बोरमाळेचे मणी बहुतेक पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. ठसा मारला तर मणी चेमटेल. काट्यावरच्या वजनात लाखही येते, तेवढं सोनं समजू नका.

केडीएम हा हॉलमार्क नव्हे. सांध्याच्या टाक्यात, म्हणजे सांधे जोडायच्या धातूत, कॅडमियम वापरलंय, असं सराफानं स्वतःच सांगितलेलं. आधी टाक्याला चांदी-तांबं घातलेलं हलकं सोनं लागे, त्यामुळे डाग आटवला की कस उतरायचा. कॅडमियमनं ते पुष्कळ टळलं, पण त्याचा विषारी धूर भट्टीपाशी बसणाऱ्या कारागिराच्या छातीत जायचा. हॉलमार्कच्या डागाला हा टाका चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

कस कळायलाच हवा असेल तर हॉलमार्किंग केंद्रात मशीनवर तपासून घ्या. मशीन वरचा थरच वाचतं, म्हणून पाटलीवर दोन-तीन जागी, टाक्यापासून लांब लावायला सांगा. सराफ नवा डाग विकतो तेव्हा त्याला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा स्वतंत्र हॉलमार्क क्रमांक, लागतो. घरातला जुना डाग अंगावर घालायला किंवा सराफाला विकायला तुम्हाला तो लागत नाही.

मोडीत घट जाते, मजुरी जाते आणि हातची घडण कायमची जाते. त्याआधी ठशाचा जवळून फोटो काढून जुन्या सराफांना दाखवा. अक्षरं ओळखणारी माणसं आपल्या भागात अजून आहेत.